‘कानाची नस गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं? अंतर्कर्णाच्या कायमच्या बहिरेपणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टर म्हणाले, ‘नस कमजोर झाली आहे.’ नस खरंच सुकते का?

बहुतेक वेळा नस जागेवर धडधाकट असते. बिघाड असतो तिच्या अलीकडे, कॉक्लियात. वाटाण्याएवढा, शंखासारखा अडीच वेढ्यांचा हा अवयव कवटीच्या हाडात खोल बसलेला असतो. त्यात जन्मतः सुमारे १५,००० केसपेशी, म्हणजे टोकाला केसासारखे तंतू असलेल्या, आवाज टिपणाऱ्या पेशी असतात. आतल्या एका रांगेतल्या साधारण साडेतीन हजार पेशी आवाजाचा संदेश नसेकडे पोचवतात. बाहेरच्या तीन रांगांतल्या बाकीच्या पेशी बारीक आवाज वाढवून देतात. झीज सहसा या बाहेरच्या रांगांपासून सुरू होते. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या पिल्लात उगवते, आपल्यात नाही, म्हणून हा बहिरेपणा कायमचा.

मळ अडकणं, पडद्याला भोक पडणं, पडद्यामागे पाणी साठणं, मधलं हाड जखडणं हे दोष बाहेरच्या आणि मधल्या कानाचे. त्यांना औषध किंवा शस्त्रक्रिया असते. आपल्या तक्रारीत यातलं काय आहे हे तपासणीशिवाय कळत नाही. कित्येकांत दोन्ही एकत्र असतं.

आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. असं का होतं?

बारीक, उंच पट्टीचे आवाज कॉक्लियाच्या तोंडाशी टिपले जातात आणि जाड आवाज टोकाशी. झीज तोंडाकडून सुरू होते. मराठीतले स्वर जाड पट्टीचे आणि दमदार, त्यामुळे ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ, ख यांतला हवेचा झोत मात्र उंच पट्टीचा आणि क्षीण. तो आधी गळतो. मग ‘सात’ आणि ‘हात’ सारखेच वाटतात, ‘पाट’, ‘ताट’, ‘खाट’ यांतला फरक पुसला जातो. नातवंडांचं बोलणं आजोबांना सर्वांत आधी कळेनासं होतं, कारण मुलांचा आवाज बारीक. जवळ बसलेल्या मित्राचा जाड आवाज मात्र स्वच्छ कळतो, आणि घरात शेरा ऐकायला मिळतो, ‘यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं.’ सोयीचा इथे काही संबंध नसतो.

दुसरी गंमत सगळ्या घरांत घडते. हळू बोललं तर ‘काय?’, आणि जरा आवाज चढवला की ‘ओरडतोस कशाला?’ बाहेरच्या केसपेशी गेल्या की ऐकू येण्याची खालची पातळी वर सरकते, पण सहन होण्याची वरची पातळी होती तिथेच राहते. या दोन पातळ्यांमधली पट्टी अरुंद होते. म्हणून ओरडण्याने फायदा नाही. समोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, किंचित सावकाश बोला. वाक्य एकदा कळलं नाही तर तेच तेच उगाळू नका, शब्द बदला. ‘भाजी कुठली?’ कळलं नसेल तर ‘मंडईत चाललोय, काय आणू?’ असं विचारा.

सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद वाटतोय. थांबून बघावं का?

अजिबात नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

तीन दिवसांच्या आत, ऑडिओग्रामवरच्या (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावरच्या) लागोपाठ तीन फ्रिक्वेन्सींवर, म्हणजे आवाजाच्या पट्ट्यांवर, ३० डेसिबल किंवा अधिक ऐकू येणं घटलं, तर त्याला अचानक आलेला अंतर्कर्णाचा बहिरेपणा म्हणतात. बहुधा एकाच कानाला होतो. सोबत कानात शिट्टी, कानाला दडा बसल्यासारखं वाटणं, कधी चक्कर. दुखत नाही, आणि न दुखणं हीच यातली फसगत. ‘सर्दीने दडे बसले असतील’ म्हणून थेंब टाकण्यात आणि वाफ घेण्यात आठवडा जातो.

घरी एक खूण पाहता येते. तोंड मिटून ‘म्’ असा लांबवर घुमारा काढा. घुमारा बंद वाटणाऱ्या कानात मोठा ऐकू आला तर मळ किंवा मधल्या कानाचा दोष असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानाकडे ऐकू आला तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. नीट कळलं नाही तरी गाठाच. तज्ज्ञ हीच गोष्ट ५१२ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने पाहतात आणि लगेच ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करतात.

उपचार स्टेरॉइडचा. सहसा प्रेडनिसोलोन, वजनाच्या दर किलोला दिवसाला १ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम, एक ते दोन आठवडे, आणि मग टप्प्याटप्प्याने कमी. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर फायद्याची शक्यता चांगली, जितकं लवकर तितकं बरं. मनाने घ्यायचं हे औषध नव्हे. मधुमेहींची साखर त्याने झपाट्याने चढते. अशा वेळी पडद्यातून बारीक सुईने मधल्या कानात स्टेरॉइड सोडतात. गोळ्यांनी पुरेसा गुण आला नाही, तरी दोन ते सहा आठवड्यांच्या काळात हे इंजेक्शन देऊन पाहता येतं. काही जणांचं ऐकणं आपोआपही परत येतं, पण आपण त्यांतले आहोत का हे आधी कळत नाही.

ऐकू यायला लागलं तरी एमआरआय टाळू नका. श्रवणनसेवरची गाठ क्वचित अशीच सुरुवात करते.

ऑडिओग्राम कसा वाचायचा?

आडव्या रेषेवर आवाजाची पट्टी असते, डावीकडे २५० हर्ट्झ, उजवीकडे ८,००० हर्ट्झ. उभ्या रेषेवर डेसिबल, पण उलटे: आलेख जितका खाली तितकं ऐकणं कमी. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. कानामागच्या हाडावर कंपक ठेवून घेतलेली चाचणी कंसासारख्या खुणांनी दाखवतात. हेडफोनची आणि हाडाची रेषा सोबतच खाली उतरल्या असतील तर दोष अंतर्कर्णात. हाडाची रेषा वर आणि हेडफोनची खाली असेल तर मधला कान तपासून घ्यायचा.

प्रौढांत २५ डेसिबलपर्यंत सर्वसाधारण, २६ ते ४० सौम्य, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यम-तीव्र, ७१ ते ९० तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र अशी विभागणी आपल्याकडे रूढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची विभागणी थोडी निराळी असून ती २० पासून सुरू होते, तेव्हा दोन अहवालांत शब्द वेगळे दिसले तर गडबडू नका, आकडे पाहा. ‘तुमचा कान ४० टक्के गेलाय’ हे वाक्य मात्र डेसिबलवरून काढलेलं नसावं. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत.

शब्द ओळखण्याची चाचणी झाली का, हे आवर्जून विचारा. सारखाच आलेख असलेल्या दोघांत एकाला आरामदायी आवाजात ९० टक्के शब्द कळतात, दुसऱ्याला ५०. कानाच्या मशीनचा किती उपयोग होईल याचा अंदाज यातून येतो.

हे होतं कशामुळे?

वय हे सर्वांत मोठं कारण. दोन्ही कान सारखेच, हळूहळू, उंच पट्टीकडून.

मग गोंगाट. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांपर्यंत धोका मर्यादित मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशाच्या पथकात किंवा डीजेच्या भिंतीसमोर आवाज शंभराच्या पुढे सहज जातो आणि मिरवणूक काही पंधरा मिनिटांत संपत नाही. रात्री कानात शिट्टी वाजते, दुसऱ्या दिवशी उतरते, आणि ‘काही झालं नाही’ असं वाटतं. उंदरांवरच्या २००९ मधल्या संशोधनात दिसलं, की ऐकणं पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि नस यांच्यातले कित्येक सांधे कायमचे तुटलेले होते. गोंगाटाची खूण ऑडिओग्रामवर ४,००० हर्ट्झच्या आसपास खळग्यासारखी दिसते. यंत्रमाग, प्रेस शॉप, ट्रॅक्टर, दगडफोड यांवर काम करणाऱ्यांत ती नेहमी सापडते.

कापसाचा बोळा याला पुरत नाही. फोमचा प्लग दोन बोटांत वळून अगदी बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग सरकवा, आणि तो फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा. समोरून पाहणाऱ्याला प्लगचा बराच भाग बाहेर दिसत असेल तर तो नीट बसलेला नाही.

औषधांत जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं आणि कर्करोगावरचं सिसप्लॅटिन. औषधप्रतिरोधक क्षयाच्या जुन्या उपचारांत कानामायसिनने अनेकांचे कान गेले. आता तोंडाने घ्यायच्या औषधांवर भर आहे. यांपैकी काही सुरू होणार असेल तर आधी एक ऑडिओमेट्री करून ठेवा, आणि कानात आवाज सुरू झाला तर पुढच्या डोसची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. आईकडच्या दोनतीन जणांचे कान अशा इंजेक्शनने गेले असतील तर तेही सांगा. ही प्रवृत्ती आईकडून मुलांत उतरू शकते.

गालगुंडाने एका कानाचा पूर्ण बहिरेपणा येतो आणि तो वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. मूल फोन नेहमी एकाच कानाला लावतं, तेव्हा सापडतो. मेंदुज्वर, गरोदरपणातला रुबेला आणि सीएमव्ही या विषाणूंचा संसर्ग, कमी दिवसांचं बाळ, जन्मानंतरची तीव्र कावीळ हीही कारणं.

आनुवंशिक बहिरेपणात आईवडील दोघांनाही नीट ऐकू येत असतं, हे बऱ्याच जणांना पटत नाही. दोघांत एकेक सदोष जनुक दडलेलं असतं, आणि दोन्ही जुळली की मूल बहिरं जन्मतं. मामेबहिणीशी लग्नाची चाल असलेल्या घरांत ही गाठ पडण्याची शक्यता वाढते. एक मूल असं असेल तर दुसऱ्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा. यात सुनेला बोल लावणारे भेटतात, म्हणून स्पष्ट लिहितो: अशा प्रकारात जनुक दोन्ही बाजूंनी आलेलं असतं.

औषध, तेल, व्हिटॅमिन, स्टेम सेल यांनी कान परत येतो का?

नाही. जुन्या, स्थिरावलेल्या बहिरेपणात कुठलीही गोळी केसपेशी उगवत नाही. लसणाचं गरम तेल अंतर्कर्णापर्यंत पोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर मधल्या कानात उतरून पू करतं. स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये मागणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: आधीच्या रुग्णांचे उपचारापूर्वीचे आणि नंतरचे ऑडिओग्राम दाखवाल का?

खरी आशा एका अरुंद गल्लीत आहे. ओटोफर्लिन या जनुकातल्या दोषाने बहिऱ्या जन्मलेल्या मुलांवर चीनमध्ये जनुकोपचार झाले. २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या निकालांत सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. वयोमानाच्या किंवा गोंगाटाच्या बहिरेपणाला तो लागू नाही.

मशीन कधी घ्यावं, आणि महागडंच का?

रोजचं बोलणं निसटायला लागलं की घ्यावं. ‘अजून भागतंय’ म्हणून लोक वर्षंच्या वर्षं काढतात. तेवढ्यात मेंदूची शब्द ओळखण्याची सवय मोडते आणि नंतर मशीन लावलं तरी नुसता आवाज वाढतो. दोन्ही कान खराब असतील तर दोन मशीनं. दिशा कळते आणि गर्दीत बोलणं वेगळं काढता येतं. पैसे बेताचे असतील तर एका महागड्यापेक्षा दोन साधी डिजिटल मशीनं बहुधा जास्त उपयोगी.

किंमत वाढते ती गोंगाट दाबण्याच्या सोयी, ब्लूटूथ आणि चॅनेलच्या संख्येमुळे. घरात, टीव्हीसमोर, देवळात वावरणाऱ्या माणसाला मधल्या दर्जाचं पुरतं. कानात लपणाऱ्या छोट्या मशीनचा मोह तीव्र बहिरेपणात आवरा: ताकद अपुरी पडते, शिट्टी वाजते, आणि थरथरत्या बोटांना इवलीशी बॅटरी बदलता येत नाही.

मशीनपेक्षा ते बसवणारा महत्त्वाचा. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला ऑडिओलॉजिस्ट हवा. कानात बारीक नळी घालून मशीनचा आवाज पडद्याजवळ मोजतात, त्याला रिअल इअर मोजणी म्हणतात. ती करणारं ठिकाण मिळालं तर सोडू नका. ऑनलाइन मिळणारी हजार-दोन हजारांची ‘मशीनं’ सगळे आवाज सरसकट वाढवतात. आधीच अरुंद झालेल्या पट्टीत त्यांचा त्रासच होतो.

मशीन घेतलं, पण डब्यात पडून आहे. काय चुकतं?

पहिल्या दिवशी पूर्ण आवाज देऊन लग्नाच्या हॉलमध्ये नेलं, इथेच बहुतेकांचं बिनसतं. पहिला आठवडा घरात, शांत खोलीत, रोज दोनतीन तास आणि एकाच माणसाशी गप्पा. दुसऱ्या आठवड्यात टीव्ही, स्वयंपाकघर, फाटकापर्यंत फेरी. भांड्यांचा, पाण्याचा, स्वतःच्या पावलांचा आवाज तेव्हा अंगावर येतो. मेंदू त्या आवाजांना विसरलेला असतो, त्याला पुन्हा ओळख पटायला वेळ लागतो. महिन्याभराने दिवसभर लावा, आणि दरम्यान दोनतीनदा सेटिंग बदलून घ्या. एकदाच बसवून ‘चालत नाही’ म्हणणं म्हणजे कपडे न मापता शिंप्याला दोष देणं.

बाकी बिघाड असे:

- शिट्टी वाजते: मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला, कानात बसणारा साचा) नीट बसलेला नाही, सैल झालाय किंवा कानात मळ साठलाय. आधी कान तपासा, मग मोल्ड. वाढत्या मुलांचा मोल्ड काही महिन्यांतच सैल होतो.
- आवाज बारीक येतो किंवा येतच नाही: मोल्डच्या भोकात मळ, नळीत पाण्याचा थेंब किंवा रिसीव्हरची (मशीनच्या बारीक स्पीकरची) मळगाळणी बुजलेली. मोल्ड मशीनपासून सोडवून कोमट साबणपाण्यात धुवा, फुंकून पूर्ण कोरडा करा आणि मगच जोडा. मशीन पाण्यात घालू नका.
- नळी पिवळी, कडक झाली: तीन ते सहा महिन्यांनी बदलायचीच असते.
- बॅटरी लवकर संपते: या झिंक-एअर बॅटऱ्या हवेवर चालतात. चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर उघडी ठेवून मग घाला. पट्टी परत लावून ती वाचत नाही. पट्टीचा रंग लक्षात ठेवा: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. रात्री झाकण उघडं ठेवा. लहान मूल आणि कुत्रा यांच्यापासून बॅटरी दूर ठेवा, आणि गिळली तर ताबडतोब रुग्णालय गाठा.
- पावसाळ्यात बंद पडतं: मुंबई-कोकणात हे ठरलेलं. रात्री मशीन सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते ओलावा शोषून भरले, बदला किंवा सूचनेप्रमाणे तापवून वाळवा.

कॉक्लिअर इम्प्लांट कुणासाठी?

तीव्र ते अतितीव्र बहिरेपणात, नीट बसवलेल्या मशीननेही बोलणं कळत नसेल त्यांच्यासाठी. कानामागच्या प्रोसेसरमधला मायक्रोफोन आवाज घेतो, चुंबकाने डोक्याला चिकटलेली कॉइल तो कातडीपलीकडच्या भागाला पाठवते, आणि कॉक्लियात सरकवलेली १२ ते २२ इलेक्ट्रोडची तार मेलेल्या केसपेशींना वगळून थेट नसेला चेतवते.

शस्त्रक्रिया पूर्ण भुलेखाली दोन-तीन तासांची. त्याआधी न्यूमोकॉकसची लस हवीच, कारण इम्प्लांटनंतर मेंदुज्वराचा धोका थोडा वाढतो. यंत्र लगेच सुरू होत नाही, दोन ते चार आठवड्यांनी जखम भरल्यावर सुरू करतात. मग मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडची पातळी त्या माणसाला जुळवून घेणं, आणि आठवड्याला ठरलेली श्रवण-वाचा थेरपी, एक-दोन वर्षं किंवा जास्त. थेरपी परवडणार नसेल, गावापासून दूर असेल, तर आधी तिची सोय लावा. केवळ शस्त्रक्रियेने मूल बोलत नाही.

जन्मजात बहिऱ्या मुलाला एक-दोन वर्षांच्या वयात इम्प्लांट मिळालं तर भाषा चांगली येते. पाच वर्षांनंतर फायदा झपाट्याने घटतो. बोलता येत असताना ऐकणं गेलेल्या प्रौढांना मात्र साठी-सत्तरीतही उत्तम उपयोग होतो. मेंदुज्वरानंतर घाई करावी लागते, कारण कॉक्लियात हाड भरत जातं आणि तार सरकत नाही.

पालकांना आधी न सांगितली जाणारी गोष्ट खर्चाची आहे. वॉरंटी संपल्यावर केबल, कॉइल, बॅटऱ्या आणि काही वर्षांनी अख्खा प्रोसेसर स्वतःच्या खिशातून. निवड करतानाच सुट्या भागांचे दर लेखी मागा. आणि कायम लक्षात ठेवा: एमआरआयपूर्वी आणि कुठल्याही शस्त्रक्रियेपूर्वी इम्प्लांट असल्याचं सांगायचं.

बाळ टाळी वाजवल्यावर वळतं. तरी चाचणी हवी का?

हवी. टाळीचा आवाज मोठा असतो, शिवाय बाळ सावलीला, वाऱ्याच्या झुळकीलाही वळतं. पहिल्या महिन्यात ओएई (केसपेशींचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) किंवा बेरा (नसेतून मेंदूकडे जाणारा संदेश मोजणारी चाचणी), तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन, हा जगभर मानलेला क्रम. नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळाला नुसती ओएई पुरत नाही. केसपेशी ठीक आणि नसेचा संदेश विस्कळीत, असा प्रकार फक्त बेरात सापडतो.

‘आमच्यात मुलगे उशिरा बोलतात’ हे आजीचं वाक्य प्रेमाचं असतं, पण त्यात दोन वर्षं जातात. मशीन लागलं तरी आणि नाही तरी, भारतीय सांकेतिक भाषा शिकवल्याने बोलणं अडत नाही. मुलाला कुठली तरी भाषा लहानपणीच मिळायला हवी.

सरकारी मदत कुठे मिळते?

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक ही पहिली पायरी, १८ वर्षांपर्यंत. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीवर मशीन आणि लहान मुलांना इम्प्लांट मिळतं. मुंबईत बांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. चाचण्या, मशीन, थेरपी तिथे एकाच छताखाली होतात.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट म्हणजे श्रवणदोष आणि ७० पुढे कर्णबधिर. बऱ्याच सवलतींना प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असेल तर टक्केवारी त्याच्या बरीच खाली येते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

बहिरेपणाने विसराळूपणा येतो म्हणतात. खरं का?

संबंध आहे. मशीनने स्मृतिभ्रंश टळतो असं मात्र सरसकट म्हणता येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत सगळ्यांचा मिळून विचार केला तर तीन वर्षांत फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्या वृद्धांत बौद्धिक घसरण जवळपास निम्म्याने मंदावली.

कानातली शिट्टी कशी थांबेल?

बहुतेकांची ती अंतर्कर्णाच्या झिजेसोबतच आलेली असते आणि मशीन लावल्यावर मागे पडते. झोपताना पंख्याचा किंवा पावसाचा हलका आवाज ठेवा. शिट्टी एकाच कानात असेल, किंवा नाडीच्या ठोक्यासोबत वाजत असेल, तर तपासणी टाळू नका.

मशीन लावून फोनवर कसं बोलायचं?

फोन कानाच्या भोकाशी धरू नका. कानामागच्या मशीनचा मायक्रोफोन कानाच्या वरच्या टोकाशी असतो, तेव्हा फोनचा वरचा भाग तिथे, किंचित तिरपा आणि अर्धा इंच दूर धरा. शिट्टी आली तर आणखी थोडा लांब. त्यानेही जमलं नाही तर स्पीकरवर टाका आणि फोन छातीजवळ ठेवा.